सगुणाची दाढ

बाजाराच्या एका गावात दातांचे एक डॉक्टर होते. गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा दात दुखला की माणसं आधी लवंग धरायची, मग देवाला नारळ बोलायची, मग शेजाऱ्याला विचारायची. यातल्या कशानंच भागलं नाही म्हणजे मग डॉक्टरांची पायरी चढायची. त्यामुळे या डॉक्टरांकडे कधी साधं तोंड घेऊन कुणी आलंच नाही. जो यायचा तो गाल धरूनच यायचा.

डॉक्टरांचं नाव गुर्जर. पण नावानं त्यांना कुणी ओळखत नसे. सगळे त्यांना दातवाले डॉक्टर म्हणत. तेलाच्या घाण्याला लागून त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत लाकडी बाक, आतल्या खोलीत खुर्ची. दात कोरायचं यंत्र पायानं चालायचं, शिवणयंत्रासारखं. डॉक्टर एका पायावर उभे राहायचे आणि दुसऱ्या पायानं पावडी हलवत दात कोरायचे. गावात वीज आली होती, पण दुपारची ती झोपायची. तिच्या भरवशावर कुणाचं तोंड उघडून बसणं बरं नव्हे, असं डॉक्टर म्हणायचे.

आत पाऊल टाकलं की लवंगेच्या तेलाचा वास यायचा. त्यात स्पिरिटचा वास, आणि शेजारच्या घाण्यावरून शेंगदाण्याच्या ताज्या तेलाचा वास. ते तीन वास मिळून जो एक वास व्हायचा, तो आता कुठं येत नाही. आता दवाखाने काचेचे झाले. थंडगार असतात. चांगलेच आहेत. पण तो वास गेला तो गेलाच.

डॉक्टरांच्या हाताखाली काम करायला एक म्हातारे कंपाउंडर होते. ते थकले आणि मुलाकडे राहायला गेले. मग डॉक्टरांनी वेणूला ठेवून घेतलं.

वेणू कासाराची मुलगी. तिचा बाप बांगड्यांची पेटी घेऊन आसपासच्या खेड्यांत फिरायचा आणि लहानपणापासून वेणू त्याच्याबरोबर असायची. शाळा तिची चौथीपर्यंत झाली होती. दवाखान्यातलं काम शिकवायची शाळा असते, हे त्या गावात कुणाला माहीत नव्हतं. शिकायचं म्हणजे डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं, बघायचं, चुकायचं आणि बोलणी खायची. पण डॉक्टरांनी तिला एक पांढरा कोट शिवून दिला होता. त्या गावात पांढरा कोट घातलेली ती पहिली मुलगी. ती दवाखान्यात जायला निघाली की आळीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. चौथी शिकलेल्या मुलीला असा कोट दुसरं कोण घालायला देणार होतं? वेणूला ते कळत होतं. रोज रात्री तो कोट ती स्वतः धुवायची आणि सकाळी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री करायची.

काम तिनं भराभर उचललं. आधी हात कोपरापर्यंत धुवायला शिकली. मग स्टोव्हवर हत्यारं उकळायला शिकली. कापसाचे बोळे वळायला शिकली. दातात भरायचा मसाला काचेवर कालवायचा असतो. पटकन कालवला तर ढेकळासारखा होतो, रेंगाळलं तर हातातच सुकतो. तोही तिला जमला. आणि ट्रे लावायला शिकली. दाढ उपटायची पक्कड एकच नसते. वरच्या दाढेची निराळी, खालच्या दाढेची निराळी, डाव्या अंगाची निराळी, उजव्या अंगाची निराळी. बाहेर दुखणाऱ्याला विचारायचं, कोणती दाढ, आणि त्याप्रमाणे ट्रे मांडून डॉक्टरांच्या उजव्या हाताशी ठेवायचा. हे तिचं मुख्य काम.

एकच गोष्ट आड यायची. तिचं तोंड.

त्यात तिचाही दोष नव्हता. कासाराचा धंदाच तसा. बांगडी चढवताना कासारानं बोलत राहायचं असतं. माहेर कुठलं, मुलं किती, यंदा सण कुठं करणार. बाईचं लक्ष हातावरून उडालं की हात सैल पडतो आणि बांगडी दुखल्याशिवाय चढते. वेणू हे बोलणं बापाकडून शिकली होती. समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं अर्धं ती पुरं करायची. बांगड्यांच्या पेटीजवळ ते खपून जायचं. दवाखान्यात खपेना.

एकदा एक माणूस गाल धरून आला.

‘‘कोणती दाढ?’’ वेणूनं विचारलं.

‘‘वरच्या…’’ तो म्हणाला.

‘‘वरची! डावी ना? गाल दिसतोच आहे सुजलेला,’’ असं म्हणून वेणू आत गेलीसुद्धा. ट्रे मांडला.

त्या माणसाला म्हणायचं होतं, वरच्या आळीतल्या वैद्यानं सांगितलंय की खालची दाढ काढून घे. त्यानं ते डॉक्टरांना सांगितलं म्हणून बरं. बाहेरच्या बाकावरची माणसं पोट धरून हसली. गाल धरायचंही विसरली.

आणखी एकदा असंच झालं. तेव्हा मात्र डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘वेणू, तुझे हात शिकले. कान कधी शिकणार?’’

वेणूनं चुकलेला ट्रे उचलला.

‘‘आता ट्रे चुकला तर तुझ्या बापाला निरोप धाडीन, पोरीला घेऊन जा म्हणून. दाढ म्हणजे बांगडी नव्हे. बांगडी फुटली तर दुसरी भरता येते.’’

डॉक्टर बोलायचे ते करायचे. सगळ्या गावाला ते माहीत होतं. वेणू त्या रात्री जेवली नाही.

मग बाजाराचा दिवस आला. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. खेड्यांवरची माणसं बाजार करायची आणि त्याच फेरीत दातही दाखवून जायची. ओट्यावर मिरच्यांची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, आणि त्यांच्यामध्ये गाल बांधून बसलेली माणसं. अशा गर्दीत एक बैलगाडी दारात येऊन उभी राहिली.

गाडीतून भिवाजीनाना उतरले. लांबच्या खेड्यातले शेतकरी. डोक्याला मळकं मुंडासं, मिशा पांढऱ्या. माणूस भला होता. गाडीत त्यांनी गोधडीची चौपदरी घडी घातली होती, सुनेला हादरे बसू नयेत म्हणून. ती सून, सगुणा, मागून उतरली. डोक्यावरचा पदर तिनं नाकापर्यंत ओढला होता. एका बाजूनं गाल इतका सुजला होता की त्या बाजूचा पदर फुगल्यासारखा दिसत होता.

‘‘काय नाना, कुणाला दाखवायचंय?’’ वेणूनं विचारलं.

‘‘ही आमची सूनबाई. धाकल्याची. लई दिवस झालं, भाकरी मोडंना. घरी म्हनत हुते लवंग धर, लवंग धर. म्या म्हनलं, लवंगंनं भागतंय व्हय? जुपली गाडी न् आलो. मळणी तशीच पडलीया.’’

‘‘कोणती दाढ?’’

‘‘खालची. डाव्या अंगाची. आमच्या मंडळींनी वाकून बघितली. पार काळी पडलीया म्हनं.’’

‘‘रात्री जास्त दुखतं का?’’

‘‘तर! रातभर कण्हती पोर. मला भिंतीपल्याड ऐकू येतं.’’

‘‘गरम लागतं का गार?’’

‘‘दोन्ही लागतंय.’’

एवढं नीट सांगणारा माणूस वेणूला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला होता. तिनं या वेळी कुणाचं वाक्य तोडलं नव्हतं. सगळं पुरतं ऐकून घेतलं होतं. ती खुशीतच आत गेली. खालची, डावी. पक्कड काढली, कापूस ठेवला, सुई ठेवली, ट्रे डॉक्टरांच्या हाताशी नेला.

सगुणाला खुर्चीत बसवलं. नाना खुर्चीशेजारीच उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, ‘‘आ करा बाई.’’

सगुणा काही तोंड उघडेना. पदर घट्ट धरून बसली. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडून बसायचं, ही रीत कुठली? नानांच्या ते ध्यानात आलं. ते वळले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

‘‘उघड पोरी. म्या बघत न्हाई.’’

सगुणानं जेमतेम बोट जाईल एवढं तोंड उघडलं. डॉक्टरांनी आरसा आत धरला. डावीकडं, खाली, एक दाढ खरंच काळी होती. डॉक्टरांनी तिच्यावर हळूच टकटक केलं.

‘‘दुखतं?’’

‘‘दुखतंय तर!’’ भिंतीकडून नाना म्हणाले.

सगुणानं होकाराची मान हलवली.

‘‘हीच काढायची ना?’’

‘‘व्हय, तीच,’’ नाना म्हणाले.

सगुणानं पुन्हा मान हलवली. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली. बाहेर बाकावर कुणीतरी ओरडत होतं, डॉक्टर, माझी बस जाईल हो.

सुई देण्याआधी चूळ भरायची असते. वेणूनं माठातलं पाणी पेल्यात घालून सगुणाच्या हातात दिलं. सगुणानं पाणी तोंडात घेतलं. डावीकडंच घेतलं. खालची दाढ दुखते तो माणूस गार पाणी तिच्याजवळ जाऊ देत नाही. मान वाकडी करून दुसऱ्या अंगाला धरतो. वेणूनं असे कितीतरी पाहिले होते. सगुणानं ते पाणी तसंच खाली धरून ठेवलं. काही झालं नाही. मग चूळ खळबळून तस्तात टाकायला म्हणून तिनं मान मागं केली आणि पाणी वरच्या दाढांना लागलं, तशी तिची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली गेली. डोळ्यांत पाणी आलं. चूळ तिनं कशीबशी तस्तात टाकली.

वेणूला यातून फार काही उमगलं असं नाही. तेवढं तिचं शिकणं झालं नव्हतं. एवढंच वाटलं की काहीतरी जुळत नाही. आणि मग तिला आठवलं की गाडी दारात आल्यापासून या बाईचा आवाज आपण ऐकलेलाच नाही. दाढ हिची. कळ हिची. आणि सगळी उत्तरं नानांची.

डॉक्टर सुई घेऊन वळले.

त्या एवढ्याशा वेळात वेणूच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! थांबवलं तर ट्रे चुकला हे आपल्याच तोंडानं सांगायचं. मग बापाला निरोप, आणि कोट खुंटीला. गप्प राहिलं तर? कुणाला कधी कळणार नव्हतं. ही बाई तर काही बोलणार नव्हती. पण तरण्या बाईची न दुखणारी दाढ. ती एकदा गेली की पुन्हा यायची नाही.

‘‘डॉक्टर, थांबा.’’

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘‘ट्रे चुकला असेल,’’ वेणू म्हणाली.

‘‘असेल म्हणजे?’’

‘‘मी यांना विचारलंच नाही. नानांना विचारलं.’’

नाना भिंतीकडून गर्रकन वळले. सगुणानं झटकन पदर ओढला.

‘‘आता गं! म्या सांगितलं न्हवं? माझ्या सुनेचं मला ठावं नसंल? मळणी टाकून आलोय म्या हिच्यापायी!’’

‘‘तसं नाही नाना…’’

‘‘मग कसं? म्या खोटं बोलतोय व्हय?’’

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. ‘‘बाई, तुम्ही सांगा. हीच दाढ ना?’’

सगुणानं पदराआडून नानांच्या पायांकडं पाहिलं. आणि होकाराची मान हलवली.

डॉक्टरांनीही नानांच्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘‘नाना, तुम्ही थोडं बाहेर बसता का?’’

‘‘आन् सुनेला परक्या बाप्याजवळ एकली ठिवू? डाक्टर, तुमी देवमानूस. पर गावात मला तोंड दावाया जागा ऱ्हाईल का?’’

हेही खरंच होतं. त्या काळी ते फार खरं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली.

‘‘बरोबर आहे तुमचं. मग मीही येतो बाहेर. चला.’’

नानांना वाटलं डॉक्टर थट्टा करतायत. पण डॉक्टर खरंच बाहेर गेले आणि बाकावर लोकांना सरकवून बसले. नाना त्यांच्या शेजारी बसले. बाकावरची माणसं बघतच राहिली. मिरच्यांच्या पोत्यावर बसलेल्या एका बाईनं विचारलं, ‘‘काय वो डाक्टर, तुमचीच दाढ दुकाया लागली का?’’

‘‘आत कोण उपटतंय मग?’’ बस चुकणाऱ्या माणसानं विचारलं.

‘‘कुणी नाही. आत विचारणं चाललंय.’’

‘‘इचारायला एवढा वेळ?’’

‘‘उपटायला कमी लागतो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘बसा.’’

आत दोघीच उरल्या. वेणूनं मधला पडदा ओढला. खुर्चीशेजारी स्टुलावर बसली. तिच्या जिभेच्या टोकाशी प्रश्न रांगेनं उभे होते. कोणती दाढ, कधीपासून, वर का खाली, नाव काय, माहेर कुठलं. तिनं ते सगळे गिळले. तिला हे किती जड गेलं असेल ते ज्याला बोलायची सवय आहे त्यालाच कळेल. शेजारी घाणा कुरकुरत होता. बैलाच्या फेऱ्या ऐकू येत होत्या. सगुणा पडद्याकडं बघत होती. बाहेरून नानांचं खोकणं आलं की अंग चोरायची.

घाणा बराच फिरला. मग पदर हळूहळू खाली आला. आत एक मुलगीच होती. वेणूच्याच वयाची असेल.

ती पहिल्यांदा जे बोलली, ते दाढेचं नव्हतंच.

‘‘तुमचं लगीन झालंय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तुमाला न्हाई समजायचं.’’

वेणूला म्हणायचं होतं, सांग तर खरं. पण ती तेही बोलली नाही. नुसती बसली.

‘‘ती काळी दाढ हाय ना,’’ सगुणा म्हणाली, ‘‘ती माझ्या लग्नाच्या आधीपासनं काळी हाय. ती कंदी दुकत न्हाई. दुकतीया ती वरची. पार मागली. कळ कानात जाती.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस गं?’’

‘‘कुणाला? मामंजींम्होरं तोंड वासून दावू? आत्याबाईंनी वाकून बघितलं न् म्हनल्या, ही बघा काळी. आता आत्याबाईंना खोटं पाडू? आन् मामंजी मळणी टाकून आले. येवढ्या लांबनं. गोधडी घातली गाडीत. माझ्या बापानं न्हाई कंदी घातली. त्यांना म्हनू, तुमचं चुकलं?’’

‘‘म्हणजे न दुखणारी दाढ काढू दिली असतीस?’’

‘‘येक दाढ गेली तर जाऊ दे म्हनलं.’’

‘‘आणि दुखायचं थांबलंच नसतं तर? घरी गेल्यावर?’’

सगुणानं थोडा विचार केला.

‘‘कण्हले नसते,’’ ती म्हणाली.

 वेणूनं सगुणाच्या हातातला पेला काढून घेतला. मघापासून तो तसाच तिच्या हातात होता. मग ती उठली, पडदा बाजूला केला आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आत आले. नाना आले आणि न सांगता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी आरसा या वेळी वर धरला, पार मागं. गालाच्या आड, बघायला गेल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, दाढ कडेनं पोखरली होती. तिला हत्यार नुसतं लागलं मात्र.

‘‘आयाई गं!’’

एवढ्या मोठ्यांदा ओरडली सगुणा की बाहेरच्या कोंबड्या फडफडल्या. सासरी आल्यापासून तिचा असा आवाज नानांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. भिंतीशी उभे होते तिथं ते दचकले. पण वळले नाहीत.

वेणूनं ट्रे बदलला. वरची, डावी. सुई दिली, दाढ निघाली, बोळा दाबला. या सगळ्यात वेणूनं एका हातानं सगुणाचं डोकं धरलं होतं. दाढ तस्तात पडली तेव्हा टण्‌ असा आवाज झाला.

नाना अजून भिंतीकडंच बघत होते. तसेच उभे राहून ते म्हणाले, ‘‘डाक्टर, म्हंजी म्या सांगितल्याबरहुकूम तुमी ती दुसरी काढली असती?’’

‘‘काढली असती, नाना.’’

‘‘आन् हिनं काढू दिली असती?’’

सगुणानं पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला.

‘‘तिला बोलायचा तरास नको म्हनून म्या बोललो,’’ नाना म्हणाले.  मुंडाशाचं टोक त्यांनी डोळ्याला लावलं आणि गाडी जुपायला म्हणून बाहेर गेले.

इकडं वेणूनं हत्यारं गोळा केली, उकळायला ठेवली. तस्त धुतलं. मग कोटाची बटणं काढायला लागली.

‘‘हे काय चाललंय?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘तुम्ही म्हणाला होतात. ट्रे चुकला तर घरी.’’

‘‘म्हणालो होतो. आणि ट्रे चुकलाच आहे.’’

‘‘हो.’’

डॉक्टर हात धुवायला गेले. धुता धुता, पाठमोरेच म्हणाले, ‘‘तू नानांना विचारलंस. मी तरी कुणाला विचारलं? बाई नुसत्या मान हलवत होत्या आणि मी भिंतीचं ऐकत होतो. तुला घरी धाडायचं तर मलाही जायला हवं. आणि बाहेर ती बसवाली दाढ केव्हाची बसलीय. बटणं लाव.’’

वेणूनं बटणं लावली. घाईत एक वरखाली झालं. ते तसंच राहिलं दिवसभर.

त्या दिवसापासून त्या दवाखान्यात एक रीत पडली. कुणीही आलं तरी बरोबरच्या माणसानं आधी बाहेर बसायचं. मग तो नवरा असो, सासू असो, बाप असो. गरज पडली तर डॉक्टरही बाहेर. आत वेणू आणि दुखणारं माणूस, दोघंच. पुष्कळांना राग यायचा. ‘‘माझ्या पोराचं मला माहीत नाही का,’’ म्हणून बाया भांडायच्या. पण लांबलांबच्या खेड्यांतून बाया तिथं यायला लागल्या. कितीतरी जणी नुसत्या दाढेचं सांगायला म्हणून आत बसायच्या आणि भलतंच काही सांगून हलक्या होऊन जायच्या. वेणू ऐकायची. पुढं बरीच वर्षं ती तिथं होती. तिच्या हाताखाली मुली तयार झाल्या. त्यांनाही ती आधी ऐकायला शिकवायची, हत्यारांची नावं मागाहून. तो दवाखाना आता नाही, घाणा तर कधीच गेला. पण त्या गावच्या म्हाताऱ्या बायका अजून तिचं नाव काढतात.

पण त्या बाजाराच्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं.

नानांनी गाडी जुपली. गोधडी झटकून पुन्हा पसरली. सगुणा पदर ओढून मागं बसली. नाना पुढं बसले, बैलांच्या दोऱ्या हातात घेतल्या. एरवी ते म्हणाले असते, हळूच हाकतो गं पोरी, आणि हाकली असती हळू. या वेळी त्यांनी मागं न बघता विचारलं, ‘‘सूनबाई, गाडी कशी हाकू? हळू का बिगीनं?’’

आणि ते थांबले.

मागून काही येईना. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. मागं दुसरी गाडी येऊन उभी राहिली, तिचा गाडीवान ओरडायला लागला, ‘‘अवो पावनं, वाट सोडा की! झोपला का काय?’’ भर बाजाराची वाट अडवून नाना दोऱ्या धरून तसेच बसून राहिले. त्यांनी आपल्या मनानं उत्तर दिलं नाही.

तेव्हा पदराआडून, बोळा धरलेल्या तोंडानं, बारीक आवाज आला.

‘‘बिगीनं हाका, मामंजी. लई भूक लागलीया.’’

तात्पर्य: दुखणं ज्याचं असेल, ते त्याच्याच तोंडून ऐकावं, आणि त्याला बोलता येत नसेल, तर माया म्हणून त्याच्या वतीनं बोलू नये, आधी त्याला बोलायला जागा करून द्यावी आणि आपण थांबावं.